अर्धनारीनटेश्वर : पाषाणापासून पडद्यापर्यंत

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारें सहा मैलांवर घारापुरीचें बेट आहे. तेथील मुख्य लेण्यांत शिरल्यावर समोरच्या अंधारांतून त्रिमुखी सदाशिवाचें जें प्रचंड शिल्प हळूहळू उमलत येतें, त्याची कीर्ति जगभर पसरलेली आहे. येणारा प्रवासी त्याच्यापुढें थांबतो, डोळे भरून पाहतो आणि बहुधा तसाच परततो. परंतु त्या शिल्पाच्या पूर्वेला, त्याच भिंतींत, आणखी एक शिल्प आहे. सुमारें सोळा फूट उंचीची एकच मूर्ति. पण तिचें उजवें अंग पुरुषाचें आणि डावें अंग स्त्रीचें. उजवा खांदा रुंद, डावीकडे स्तनाची गोलाई. उजवी कंबर ताठ, डावा नितंब बाहेर झुकलेला. मागच्या उजव्या हातांत नाग आहे, मागच्या डाव्या हातांत आरसा. पुढचा उजवा हात नंदीवर विसावला आहे. भोंवतीं ब्रह्मदेव, इंद्र, विष्णु आदि देवांची दाटी झाली आहे. आणि त्या साऱ्या गर्दींत मधली मूर्ति मात्र निश्चल, अंतर्मुख अशी उभी आहे.

सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ज्या अज्ञात कारागिरांनीं हें शिल्प कोरलें, त्यांच्यापुढें मोठी अडचण असली पाहिजे. दोन अर्धीं शरीरें शेजारीं ठेवलीं म्हणजे एक शरीर होत नाहीं. पुरुषाच्या देहाचें प्रमाण वेगळें, स्त्रीच्या देहाचें वेगळें. दोहोंच्या मध्यें सरळ रेघ ओढली, तर पाहणाऱ्याला एक देवता न दिसतां दोन तुकडे दिसावयाचे. घारापुरीच्या शिल्पकारानें यावर जो उपाय काढला तो साधा आणि अपूर्व आहे. त्यानें सगळ्या देहाचा भार नंदीच्या बाजूला झुकविला. त्या झुकावामुळें डावा नितंब आपोआप बाहेर आला, मधली रेषा सरळ न राहतां वळणदार झाली, आणि जेथें विसंगति दिसावयाची तेथें डौल दिसूं लागला. सांधा लपविलेला नाहीं. त्यालाच शरीराचा कणा केलेलें आहे. या सांध्याचा, म्हणजे स्त्री आणि पुरुष यांना एका प्रतिमेंत जोडणाऱ्या रेषेचा, इतिहास जवळ जवळ दोन हजार वर्षांचा आहे, आणि तो आजही संपलेला नाहीं.

ही कल्पना घारापुरींतच प्रथम दगडांत उतरली असें नव्हे. तिच्या कितीतरी आधीं, कुषाणांच्या राजवटींत, मथुरेच्या कारागिरांनीं अर्धनारीचीं शिल्पें घडविलीं होतीं. त्या प्रतिमेची वार्ता समुद्रापलीकडेही पोंचली होती. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं सीरियाच्या बाजूला एडेसा नगरींत बार्देसान नांवाचा एक तत्त्वज्ञ होता. रोमन सम्राटाकडे निघालेल्या हिंदी वकिलांशीं त्याची गांठ पडली, आणि त्यांनीं त्याला एका उंच पर्वतांतील गुहेची हकीकत सांगितली. त्या गुहेंत म्हणे दहा-बारा हात उंचीची उभी मूर्ति असून तिचे बाहू दोहों बाजूंना पसरलेले होते. तिची उजवी बाजू पुरुषाची व डावी स्त्रीची. उजव्या स्तनावर सूर्य आणि डाव्यावर चंद्र कोरलेला. इतकीं निराळीं दोन अंगें एका देहांत अशीं अभेदानें कशीं नांदतात, याचें पाहणाऱ्यांस नवल वाटे, असेंही त्यांनीं सांगितलें. बार्देसानाचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु पॉर्फिरी या तत्त्ववेत्त्यानें त्यांतला हा भाग उतरून घेतला आणि पुढें स्टोबायस या संग्राहकानें तो जपला. ही गुहा घारापुरीची असणें शक्य नाहीं, कारण घारापुरीचें लेणें त्यानंतर तीन शतकांनीं झालें. पण ज्या नवलाची नोंद त्या परदेशी लेखकानें केली तें नवल मात्र अगदीं तेंच आहे: दोन कसे राहिले याचें नव्हे, तर एक कसें झालें याचें.

बदामीच्या पहिल्या लेण्यांतही अर्धनारीचें सुंदर शिल्प आहे, आणि तेथें मूर्तीच्या शेजारीं हाडांचा सांपळा झालेला एक ऋषि हात जोडून उभा आहे. हा भृंगी. त्याची कथा अशी सांगतात कीं, तो केवळ शिवाचा भक्त होता. पार्वतीला प्रदक्षिणा घालण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून शिवपार्वती एका देहांत सामावलीं. तरी भृंगीनें हट्ट सोडला नाहीं. त्यानें भुंग्याचें रूप घेतलें आणि दोन अंगांच्या मधला सांधा पोंखरून एकट्या शिवाभोंवतीं फिरण्याचा घाट घातला. तेव्हां पार्वतीनें त्याच्या शरीरांतून आपला अंश, म्हणजे रक्त आणि मांस, काढून घेतलें. उरलीं तीं हाडें. त्याला उभेंही राहतां येईना, तेव्हां शिवानें दया येऊन त्याला तिसरा पाय दिला. सांधा फोडूं पाहणाऱ्याला स्वतःच्या देहाचा अर्धा भाग गमवावा लागतो, हें या कथेचें मर्म आहे. आणि बदामीच्या शिल्पकारानें तें उपदेशाच्या शब्दांवांचून, नुसत्या बरगड्या मोजून दाखवून, सांगितलें आहे.

तथापि या प्रतिमेकडे केवळ भाविकतेनें पाहून चालणार नाहीं. स्त्री आणि पुरुष यांची समता तीत सिद्ध झाली आहे, असें जें नेहमीं म्हटलें जातें, त्याला अलीकडच्या अभ्यासकांनीं आक्षेप घेतला आहे, आणि तो विचारांत घेण्याजोगा आहे. मूर्तिशास्त्र या रूपाची गणना शिवाच्या रूपांत करतें. वाहन नंदी आहे. उजवी, म्हणजे मानाची समजली जाणारी, बाजू पुरुषाची आहे. नांवांतही 'अर्धी' आहे ती नारी, आणि 'ईश्वर' हा शब्द पूर्ण आहे. तेव्हां येथें दोघांचा सारखाच वांटा आहे, कीं एका पूर्णानें दुसऱ्या अर्ध्याला आपल्यांत जागा दिली आहे, असा प्रश्न राहतोच. चांगल्या प्रतिमेचें हेंच लक्षण मानलें पाहिजे कीं ती प्रश्न मिटवीत नाहीं, उभा ठेवते.

महाराष्ट्रांत हा सांधा दगडांतून भाषेंत आला. कालिदासानें 'रघुवंशा'च्या आरंभीं शब्द आणि अर्थ यांच्या जोडीची उपमा देऊन पार्वतीपरमेश्वरांना वंदन केलें होतें. ज्ञानेश्वरांनीं 'अमृतानुभवा'चें पहिलें प्रकरणच शिव आणि शक्ति यांच्या ऐक्याला वाहिलें. तेथें कोण कोणाचें अर्ध आहे हा हिशेबच उरत नाहीं. ज्या नेवाशांत १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या गांवचें दैवत मोहिनीराज. विष्णूनें अमृतवाटपाच्या वेळीं घेतलेलें स्त्रीरूप म्हणजे मोहिनी. तिला 'राज' हें पुरुषाचें पद जोडून लोकांनीं एकच नांव केलें आणि त्या नांवानें देवळाचा कळस उभारला. पंढरीचा विठोबा तर मराठी मनाला सहज 'विठाई' झाला. खुद्द ज्ञानेश्वरांना वारकरी 'माउली' म्हणतात. गवळणी रचतांना एकनाथांसारख्या संतांनीं गोपीचा आवाज घेतला. यांत कोणालाही कधीं विचित्र कांहीं वाटलें नाहीं. भक्तीच्या भाषेंत पुरुषानें स्त्री होणें आणि देवानें आई होणें हें इतकें नित्याचें आहे कीं त्याकडे लक्षही जात नाहीं.

परंतु देव्हाऱ्यांत जें पूजिलें गेलें तें उंबरठ्यावर आलें तेव्हां काय झालें? ज्यांचें जीवनच या सांध्यावर चाललेलें आहे, ज्यांना समाज कधीं हिजडा, कधीं जोगता, कधीं तृतीयपंथी म्हणतो, त्यांच्या वांट्याला त्या मूर्तीचा मान आला नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत यल्लम्मेला वाहिलेले जोगते दारीं आले म्हणजे घरची बाई हात जोडते, सुपांत धान्य घालते. पण तेच मूल आपल्या घरीं जन्माला यावें असें कोणी म्हणत नाहीं. इंग्रजी अमलानें तर या भीतीला कायद्याचें रूप दिलें. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत एक भाग खास या लोकांसाठीं होता. मुख्यतः वायव्य प्रांताकडे त्याचा अंमल करण्यांत आला. त्यान्वयें त्यांच्या नांवांची व राहत्या जागांची नोंदवही ठेवण्यांत आली. नोंद झालेल्या माणसानें उघड्यावर स्त्रीवेष केला, किंवा लोकांसमोर गाणें-नाचणें केलें, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शके. वेष हाच गुन्हा ठरला. ज्या वर्षीं हा कायदा झाला, त्याच वर्षीं जेम्स बर्जेस या स्कॉटिश पुरातत्त्वज्ञाचें घारापुरीवरील पुस्तक प्रसिद्ध झालें व त्यांत त्या अर्धनारीचें बारकाईनें वर्णन आलें. एकाच राजवटीनें दगडाच्या अर्धनारीची मापें घेतलीं आणि जिवंत माणसांचीं नांवें पोलिसांच्या वहींत चढविलीं.

याच काळांत प्रतिमा घडविण्याचीं साधनें बदलूं लागलीं. १८९४ मध्यें राजा रविवर्मा यांनीं मुंबईंत शिळाछापखाना काढला, आणि देवदेवता देवळांतून निघून घराघरांच्या भिंतींवर आल्या. रंगीत शिळाछपाईची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रत्येक रंगासाठीं वेगळा दगड लागे. एका दगडावरून पिवळा, दुसऱ्यावरून तांबडा, तिसऱ्यावरून निळा असे एकावर एक ठसे उठत, आणि त्या सर्वांच्या मिळणीनें लक्ष्मी किंवा सरस्वती डोळ्यांपुढें साकार होई. म्हणजे एक चित्र हें वस्तुतः अनेक थरांचा ढीग होता. पुढें घरच्या स्त्रियांनीं त्यावर आणखी थर चढविले. कित्येक घरांतून या छापील चित्रांवर जर, टिकल्या, मणी आणि कापडाचीं वस्त्रें शिवलीं गेलीं. अशा कामाला कलापरीक्षक आज मिश्रमाध्यम म्हणतात. त्या काळच्या माजघरांत तो दुपारचा उद्योग होता.

या छापखान्याशीं कांहीं काळ संबंध आलेले दादासाहेब फाळके पुढें चित्रपटाकडे वळले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'साठीं त्यांना स्त्री नटी मिळेना, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणानें केली. १९१७ च्या 'लंकादहना'त तर साळुंके यांनीं राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर विरहानें व्याकुळ झालेलीं तीं दोघें म्हणजे एकच देह होता. शिल्पकाराला जी रेषा दगडांत कोरावी लागली, ती येथें फीत कापून जोडणाऱ्या कात्रीनें साधली. प्रेक्षकांनीं यांत विसंगति मानली नाहीं, कारण मराठी रंगभूमीनें त्यांच्या डोळ्यांना ही संवय लावलेली होती. बालगंधर्वांच्या भामिनीनें आणि सिंधूनें केवढें वेड लावलें, हें मराठी घरांत सांगावयास नको. त्यांची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांचें अनुकरण कुलीन स्त्रियांनीं केलें. स्त्रीत्वाचा आदर्श स्त्रियांनीं एका पुरुषाकडून शिकावा, याहून त्या सांध्याचें दुसरें नवल कोणतें?

मात्र एक भेद विसरतां कामा नये. नटाची भूमिका रंग पुसल्यावर संपते. आरसा बाजूला ठेवून तो आपल्या नांवानें, आपल्या वेषानें घरीं जातो. ज्याची आंतली ओळखच त्याच्या देहावरच्या खुणांशीं जुळत नाहीं, त्याला असा पडदा पडण्याची सोय नसते. रंगभूमीनें समाजाला रूपांतर पाहावयास शिकविलें. तें जगणाऱ्यास ओळखावयास शिकविलें, असें म्हणतां येत नाहीं.

युरोपांत याच सुमारास कार्ल युंग या मनोवैज्ञानिकानें या प्रतिमांना एक नवें नांव दिलें. मानवजातीच्या सामुदायिक मनांत कांहीं मूळ आकृति पिढ्यान् पिढ्या वास करतात आणि स्वप्नांतून, पुराणांतून, चित्रांतून वर येतात, असें त्याचें म्हणणें. मराठींत या आकृतींस आदिबंध म्हणतात. पुरुषाच्या मनांत एक स्त्री आणि स्त्रीच्या मनांत एक पुरुष दडलेला असतो, हा त्याचा सिद्धांत प्रसिद्धच आहे. १९३७-३८ च्या हिंवाळ्यांत तो हिंदुस्थानांतही येऊन गेला. आदिबंधाच्या कल्पनेनें कलावंतांना मोठें बळ दिलें यांत शंका नाहीं. जुन्या देवदेवतांकडे त्यांना नव्या दृष्टीनें पाहतां येऊं लागलें. परंतु तिच्यांत एक धोकाही आहे. जें सर्वांचें आहे तें कोणा एकाचें राहत नाहीं. अर्धनारी हा चिरंतन आदिबंध आहे, असें एकदां म्हटलें कीं समोर उभ्या असलेल्या, भाडें थकलेल्या, दवाखान्यांत कोणत्या रांगेंत उभें राहावें हें न कळणाऱ्या माणसाकडे न पाहण्याची जणूं मुभाच मिळते.

आधुनिक हिंदी चित्रकलेंत ही मुभा नाकारणारा पहिला ठळक कलावंत भूपेन खख्खर. मुंबईंत १९३४ मध्यें जन्मलेला आणि हिशेबतपासनीसाचा धंदा शिकलेला हा माणूस बडोद्यास जाऊन चित्रकार झाला. १९६५ च्या सुमारास त्यानें जीं चित्रें केलीं त्यांत बाजारांत मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी कापून चिकटविलेल्या होत्या. रविवर्म्याचे वंशज कात्रीखालीं आले होते. तेथें जोड उघडी होती, कागदाची कड डोळ्यांना दिसत होती. पुढें १९८१ च्या 'यू कॅन्ट प्लीज ऑल' या चित्रापासून त्यानें पुरुषाचें पुरुषावरील प्रेम उघडपणें रंगविलें, आणि १९८७ मधील एका चित्राला 'ययाति' हें पुराणांतलें नांव दिलें. पुराणपुरुष आणि शेजारचा माणूस यांच्यांत त्यानें अंतर ठेवलें नाहीं. २००३ मध्यें तो वारला, तोंवर चित्रांचें साधन पुन्हां एकदां पालटलें होतें.

हें नवें साधन म्हणजे संगणक. संगणकाला चित्र म्हणजे असंख्य बारीक ठिपक्यांची चौकट असते, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग हा आंकड्यांत लिहिलेला असतो. आंकडा बदलला कीं रंग बदलतो. १९९० मध्यें थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनीं रचलेली 'फोटोशॉप' नांवाची प्रणाली बाजारांत आली, आणि १९९४ च्या तिच्या आवृत्तींत थरांची सोय झाली. एका थरावर छायाचित्र, दुसऱ्यावर रेखाटन, तिसऱ्यावर जुन्या हस्तलिखिताचें पान असें रचून प्रत्येक थर हवा तितका पारदर्शक करतां येऊं लागला. ज्यानें शिळाछपाईचे दगड पाहिले असतील त्याला ही कल्पना परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं दगडाचा ठसा एकदां उठला म्हणजे उठला; येथें प्रत्येक थर मागाहूनही हलवितां येतो, पुसतां येतो, आणि दोन चित्रांमधला सांधा कोणाला दिसणारही नाहीं इतका बेमालूम करतां येतो.

या साधनाचा थोर उपयोग विवान सुंदरम् यांनीं २००१-०२ मध्यें केला. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनीं कुटुंबाचीं शेंकडों छायाचित्रें काढलेलीं होतीं. त्यांतलीं निरनिराळ्या वर्षांचीं, निरनिराळ्या शहरांचीं चित्रें सुंदरम् यांनीं संगणकावर एकत्र केलीं, आणि प्रसिद्ध चित्रकर्त्री अमृता शेरगिल, म्हणजे त्यांची मावशी, तिला पित्याच्या शेजारीं, आरशांत, स्वतःच्याच दुसऱ्या वयासमोर उभें केलें. काळाचे सांधे असे जुळवितां येतात, तर देहाचे कां नाहींत, हा प्रश्न त्यानंतर फार दूर नव्हता.

त्याचें उत्तर २००६ मध्यें तेजल शाह यांच्या छायाचित्रमालिकेनें दिलें. शाह यांनीं हिजडा समाजांतील कांहीं व्यक्तींना विचारलें कीं, तुम्हांला स्वतःचें कोणतें चित्र पाहावेंसें वाटतें? त्यांनीं जीं स्वप्नें सांगितलीं, तीं शाह यांनीं वेष, देखावा, कॅमेरा आणि संगणक या सर्वांच्या साह्यानें साकार केलीं. एकीला दक्षिणेकडील चित्रपटांतील नायिका व्हावयाचें होतें. एकीला राजनौकेंत बसलेली क्लिओपात्रा. आणि एकीला आई व्हावयाचें होतें. तिच्यासाठीं शाह यांनीं रविवर्म्याचें यशोदा आणि कृष्ण यांचें चित्र पुन्हां उभें केलें. तीच मांडणी, तोच गोजिरवाणा बाळकृष्ण. पण यशोदेच्या जागीं ती. ज्या छापील चित्राखालीं मराठी आणि गुजराती घरांतील कित्येक पिढ्या वाढल्या, त्याच चौकटींत मातृत्व नाकारलेली एक व्यक्ति येऊन बसली. तिनें आदिबंध मोडला नाहीं, त्याची टिंगल केली नाहीं. तिनें त्यांत आपली जागा मागितली.

या कामाचें महत्त्व यंत्राच्या करामतींत नाहीं. दोन हजार वर्षांत अर्धनारीचीं कितीतरी रूपें झालीं. तीं राजांनीं करविलीं, कारागिरांनीं कोरलीं, कवींनीं गाइलीं, पंडितांनीं त्यांचा अर्थ लावला. ज्यांचें जीवन त्या रूपाशीं सर्वांत जवळचें होतें, त्यांना मात्र आपली प्रतिमा कशी असावी हें कोणीं विचारल्याचें त्या इतिहासांत आढळत नाहीं. आतां चित्र काढणारा आणि चित्रांत बसणारा यांच्यामध्यें तो प्रश्न विचारला गेला. सांधा तोच, पण त्याची रेघ कोठून जावी हें ठरविणारा हात बदलला.

त्यानंतर अशीं कामें ठिकठिकाणीं झालीं. शाह यांचीच 'बिट्वीन द वेव्ह्ज' ही अनेक पडद्यांवरील चलच्चित्रकृति २०१२ मध्यें जर्मनींतील कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनांत दाखविली गेली. तींत शिंगधारी, स्त्री कीं पुरुष हें न सांगतां येणारे जीव समुद्रकांठीं आणि कचऱ्याच्या ढिगांत वावरतात. न्यूयॉर्कच्या चित्रा गणेश यांनीं लहानपणीं वाचलेल्या 'अमर चित्रकथे'च्या शैलीचें रूपांतर करून पुराणांतील स्त्रियांना नवे देह आणि नवीं वाक्यें दिलीं. २०१८ मध्यें तेथील रुबिन संग्रहालयांत त्यांनीं प्राचीन हिमालयीन प्रतिमांवरून केलेलीं संगणकी चलच्चित्रें मांडण्यांत आलीं. अध्यात्म, पुराण आणि लिंगभाव हीं तीन क्षेत्रें या कलावंतांना निराळीं वाटत नाहींत. मूर्ति घडविणाऱ्या जुन्या कारागिरांनाही तीं तशीं वाटत नसत.

मात्र साधन जितकें सुलभ, तितकी त्याची घसरण सोपी. आज कोणाही हौशी माणसाला घटकाभरांत स्वतःच्या चेहऱ्याचें स्त्रीरूप किंवा पुरुषरूप करून पाहतां येतें. त्यावर चंद्रकोर, जटा आणि तेजोवलय चढवितां येतें. असें चित्र डोळ्यांना गोड लागतें आणि विसरलेंही जातें, कारण त्यांत झुकावाचा भार कोणीं सोसलेला नसतो. सांधा इतका बेमालूम केलेला असतो कीं जोडण्यासारखें मुळांत कांहीं होतें कीं नाहीं, असा संशय यावा. चांगल्या कृतींत ही लपवालपवी नसते. शाह यांच्या यशोदेचें चित्र पाहतांना तें रचलेलें आहे हें पाहणाऱ्याला क्षणभरही विसरतां येत नाहीं. चित्रांतली आई आणि चित्राबाहेरची व्यक्ति यांच्यामधलें अंतर उघडें ठेवलेलें आहे, आणि त्या अंतरांतच तिची व्यथा आहे.

या प्रतिमांचा आणि कायद्याचा संबंध पुन्हां एकदां जुळून आला तो २०१४ सालीं. त्या वर्षीं १५ एप्रिल रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. निकालपत्रांत रामायण-महाभारतांतल्या कथांचाही उल्लेख आला. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं न्यायालयानें प्रौढांचे संमतीनें होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यांतून वगळले. २०१९ च्या कायद्यानें तृतीयपंथी व्यक्तींविरुद्धच्या भेदभावाला मनाई केली. परंतु ओळखीच्या नोंदीसाठीं जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घातली, आणि स्वतः ठरविण्याच्या अधिकाराचा हा संकोच आहे, अशी तक्रार त्या समाजांतून झाली.

२०१४ च्याच सप्टेंबरांत आणखी एक घटना घडली. तामिळनाडूंतील वृद्धाचलम् येथील देवळांतून नाहींशी झालेली अर्धनारीश्वराची एक पाषाणमूर्ति ऑस्ट्रेलियांतील सिडनीच्या कलासंग्रहालयांत होती; ती ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं दिल्लीस येऊन भारताच्या हवालीं केली. ती त्याच देवळांतली आहे हें सिद्ध करण्यास पांडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनें पूर्वीं काढून ठेवलेलें छायाचित्र उपयोगी पडलें. मूर्तीची ओळख पटली, तिचें गांव ठरलें, आणि देशानें तिचें स्वागत केलें. ज्या माणसांना आपली ओळख पटविण्यासाठीं अद्याप कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, त्यांच्याजवळ असें जुनें छायाचित्र नसतें. तीं छायाचित्रें आतां काढलीं जात आहेत, आणि त्यांत कोणीं कसें उभें राहावें हें यापुढें केवळ चित्रकारानें ठरवावयाचें नाहीं.